अनिकाचा तापणारा कॉम्प्युटर

मुलाकडे परदेशात, चँडलरला आल्यापासून प्रल्हादरावांना कुठलाच आकडा धड कळत नव्हता. बाहेरचं तापमान फॅरनहाइटमध्ये एकशे बारा, दुकान दोन मैलांवर, दूध गॅलनात आणि नातीचं वजन पौंडात. नागपूरच्या शाळेत उभी हयात विज्ञान शिकवलेला माणूस, पण हवामानाचा आकडा ऐकून मनातल्या मनात बत्तीस वजा करेपर्यंत टीव्हीवरची बाई पुढच्या बातमीला पोचलेली असायची. म्हणून त्या बुधवारी संध्याकाळी नातीच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, वरच्या कोपऱ्यात, त्यांना सेल्सिअसमधला आकडा दिसला तेव्हा परगावात ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. आकडा होता सत्त्याण्णव.

"अनिका, हे सत्त्याण्णव कशाचं गं?"

"प्रोसेसरचं, आजोबा. म्हणजे कॉम्प्युटरचा ब्रेन." बारा वर्षांच्या अनिकाने पडद्यावरची नजर हलवली नाही.

"सेल्सिअस? अगं, मग अजून तीन अंश चढले तर पाणी उकळेल की!"

"आय नो, आजोबा. दॅट इज द प्रॉब्लेम."

तिचं वाक्य पुरं होतंय तोच पडदा काळा झाला. टेबलावरच्या डब्यात घोंघावणारे पंखे एकेक करून थांबले आणि खोलीत एकदम शांतता झाली. अनिकाने कपाळ टेबलाला टेकवलं.

हा कॉम्प्युटर तिने स्वतःच्या हाताने जुळवला होता. एकेक भाग निवडून, व्हिडिओ बघून, पुन्हा बघून, दिवाणखान्यातल्या जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून. तिचा बाबा राजीव, म्हणजे प्रल्हादरावांचा मुलगा, जवळच्याच एका चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याने सुरुवातीलाच अट घातली होती: तू बनव, मी हात लावणार नाही, पण सामान परत करायची मुदत संपेपर्यंत तो नीट चालला नाही, तर सगळं दुकानात परत आणि त्याऐवजी साधा तयार कॉम्प्युटर. ती मुदत येत्या शनिवारी संपत होती. कॉम्प्युटर सुरू व्हायचा, चालायचाही. पण जरा जड काम दिलं, की तापत तापत जायचा आणि आपोआप बंद पडायचा.

"तयार कॉम्प्युटरही छानच असेल ना?" प्रल्हादरावांनी मुद्दाम विचारलं.

अनिकाने मान वर केली. डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. "तो माझा नसेल, आजोबा. तो फक्त घेतलेला असेल."

 प्रल्हादराव खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

"मला यातलं काहीसुद्धा कळत नाही," ते म्हणाले. "पण गरम वस्तू गार कशी होते, ते थोडं कळतं. उद्या बघायचं का दोघांनी?"

रात्रीच्या जेवणाला राजीवने आपलं निदान सांगून टाकलं. "अण्णा, इथल्या उन्हाळ्यात सगळंच तापतं. गाडीचं स्टिअरिंग धरता येत नाही, तिथे प्रोसेसरचं काय घेऊन बसलात?" आणि उठून त्याने भिंतीवरचं एसीचं बटण चार-पाच वेळा दाबलं.

"चिप बनवणाऱ्याच्या घरातच चिप तापावी म्हणजे कमाल आहे," आजी शोभनाबाई म्हणाल्या.

"आई, मी चिप बनवतो. डबे नाही बनवत."

"मग डबे बनवणाऱ्याला विचार."

"तिलाच तर विचारतोय," राजीवने अनिकाकडे बोट केलं. अनिका हसली नाही. तिची आई सुलेखा कामासाठी आठवडाभर दुसऱ्या राज्यात, फ्रिस्कोला गेली होती, त्यामुळे तिची बाजू घ्यायलाही कुणी नव्हतं.

सकाळी घर इतकं गार झालं होतं, की शोभनाबाई शाल गुंडाळून, पायात राजीवचे लोकरीचे मोजे चढवून स्वयंपाकघरात उभ्या होत्या. बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं आणि आत माणसं कुडकुडत होती. कॉम्प्युटर मात्र जड काम देताच पुन्हा नव्वदीपार गेला आणि बंद पडला.

"म्हणजे काय कळलं?" प्रल्हादरावांनी विचारलं.

"की एसी इज यूसलेस."

"एसी बिचारा त्याचं काम करतोय. आजीला विचार. आपल्याला काय कळलं?"

अनिकाने जरा विचार केला. "खोली गार केली तरी प्रोसेसर तसाच तापतो. सो, खोलीमुळे नाही."

"शाबास. आता एक कारण कमी झालं. पुढे?"

ही प्रल्हादरावांची जुनी पद्धत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि गुण आला, तर श्रेय कुणाला द्यायचं तेच कळत नाही. अनिकाला हे आधी फार हळू वाटलं. तिला पंखे उलटसुलट करायचे होते, सेटिंगही बदलायचं होतं आणि डबाही खिडकीपासून लांब न्यायचा होता, सगळं एकाच दमात. प्रल्हादराव नाही म्हणाले नाहीत, फक्त "यातलं पहिलं कुठलं?" एवढं विचारत राहिले.

पहिलं म्हणून तिने डब्याची काचेची बाजू काढली. त्या काचेवर अजून पातळ प्लास्टिकचा पापुद्रा होता, तो हाताला चिकटून चरचरला. प्रल्हादरावांना त्यात नवल वाटलं नाही. या घरात फ्रिजच्या दारावर प्लास्टिक होतं, मायक्रोवेव्हच्या बटणांवर होतं, टीव्हीच्या कडेनेही होतं. आल्या आल्या त्यांनी टोस्टरवरच्या प्लास्टिकचं एक टोक सहज नखाने उचललं होतं, तर राजीव लांबून ओरडला होता, "अण्णा, राहू द्या! रिटर्न विंडो आहे अजून." परत करायची मुदत संपेपर्यंत खोकं टाकायचं नाही, प्लास्टिक काढायचं नाही, असा या घरचा कायदा होता. मुदत संपली की काढायचं असायचं, पण तेव्हा कुणाला आठवायचं नाही. गॅरेजमध्ये खोकी अशी रचलेली होती, की गाडी बाहेर अंगणात उभी असायची.

काच बाजूला झाल्यावर अनिकाने टेबलफॅन आणून थेट आत वारा सोडला. आकडा दोन अंशांनी उतरला आणि तिथेच अडून बसला. मग पुन्हा चढला. पुन्हा काळोख.

"वारासुद्धा नाही," ती म्हणाली. या वेळी तिचा आवाज बारीक झाला होता. "आजोबा, कदाचित प्रोसेसरच खराब आहे. मग बाबा म्हणतो तसं सगळं रिटर्नच."

ती पाणी प्यायला आत गेली. प्रल्हादरावांनी तेवढ्यात वाकून डब्यात पाहिलं. मधोमध, प्रोसेसरच्या वर, धातूच्या पातळ पट्ट्यांचा एक उंच ठोकळा बसवलेला होता. त्याला अनिका कूलर म्हणायची. प्रोसेसरची उष्णता या ठोकळ्यात चढणार, पट्ट्यांमध्ये पसरणार आणि शेजारचा पंखा ती उडवून लावणार, असं तिनेच त्यांना समजावलं होतं. पंखा थांबलेला होता. त्यांनी पट्ट्यांना बोट लावलं आणि ते बोट तिथेच राहिलं.

ठोकळा गार होता. उन्हात ठेवलेल्या वाटीइतकासुद्धा गरम नव्हता.

त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पण अनिका परत आली तेव्हा ते खुर्चीत टेकून चष्मा पुसत बसले होते.

"थकलो बुवा," ते म्हणाले. "उरलेलं उद्या."

संध्याकाळी अनिका खोलीचं दार लावून बसली, तेव्हा शोभनाबाईंनी त्यांना बाल्कनीत गाठलं. "अहो, तुम्हाला काहीतरी कळलंय. तुमचा चेहरा मला ठाऊक आहे."

"अर्धं कळलंय."

"मग तेवढं सांगून टाका ना! पोरगी रडतेय आत. परवा राजीव सगळं उचलून घेऊन जाईल आणि तुम्ही इथे गुपचूप बसा."

 बाल्कनीचा कठडा अजून भाजत होता, त्यावरचा हात प्रल्हादरावांनी काढून घेतला. शोभनाबाईंचं चुकत नव्हतं. वर्गात असते तर घाई नसती. आज नाही तर पुढच्या तासाला कळलं असतं. इथे मुदत होती. पण त्यांनी सांगितलं आणि कॉम्प्युटर चालला, तर तो आजोबांनी दुरुस्त केलेला कॉम्प्युटर होणार होता. 'फक्त घेतलेला' आणि 'आजोबांनी दुरुस्त केलेला' यात अनिकाच्या दृष्टीने फार फरक पडला नसता.

"उद्या दुपारपर्यंत थांबतो," ते शेवटी म्हणाले. "तोवर तिला नाही दिसलं, तर सांगतो. वचन."

"तुमचं मेलं ते शिक्षकपण," असं म्हणून शोभनाबाई शाल सावरत आत गेल्या.

शुक्रवारी सकाळी अनिका उतरलेल्या चेहऱ्याने खाली आली. प्रल्हादराव गॅसपाशी दूध तापवत होते. त्यांनी चमचा घातलेला गरम दुधाचा कप तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "आज सेटिंग नको, पंखे नकोत. आज कॉम्प्युटरला फक्त हात लावून बघायचं. चालू असताना नाही हं. तो बंद पडला की लगेच, कुठे किती तापलंय ते बघायचं."

"दॅट्स इट?"

"एवढंच."

अनिकाने खांदे उडवले. पण केलं. कॉम्प्युटर सुरू झाला, तापला, बंद पडला. तिने हात आत घातला. वीज पुरवणाऱ्या डब्याला लावला, कोमट. मागच्या जाळीला लावला, जेमतेम कोमट. मग मधल्या ठोकळ्याला लावला.

"हा तर गार आहे," ती म्हणाली. "म्हणजे कूलर छान काम करतोय ना?"

प्रल्हादराव ओठ घट्ट मिटून बसले. आतून शोभनाबाईंचं भांडं मुद्दाम वाजल्यासारखं वाजलं.

"गरम दुधात चमचा ठेवला," प्रल्हादराव हळूच म्हणाले, "आणि कितीही वेळ थांबलं तरी त्याचा दांडा गारच राहिला. तर तू काय म्हणशील? चमचा छान आहे?"

अनिकाने कपातल्या चमच्याकडे पाहिलं. त्याचा दांडा धरला आणि झटकन सोडला.

"मी म्हणेन, चमचा दुधात गेलाच नाहीये." ती थांबली. पुन्हा ठोकळ्याला हात लावून आली. "आजोबा! खाली सत्त्याण्णव आहे आणि वर गार! हीट वर येतच नाहीये. इट्स स्टक!"

"कुठे अडली असेल?"

"मध्ये कुठेतरी." आता तिचे हात हवेत थर रचू लागले. "म्हणजे बघा. सगळ्यात खाली प्रोसेसर. त्याच्यावर थर्मल पेस्ट, ती मी लावलीये, वाटाण्याएवढी, व्हिडिओत होती तशीच. हीट पटकन जावी म्हणून असते ती. मग त्याच्यावर ते प्लास्टिक, आणि मग कूलर. बस. मध्ये दुसरं काहीच नाही."

"थांब, थांब. पेस्टवर काय म्हणालीस?"

"प्लास्टिक. कूलरच्या तळाला असतं ना ते, ट्रान्सपरंट."

उष्णता वर चढत नाहीये, एवढं अर्धंच प्रल्हादरावांना काल कळलं होतं. बाकीचं अर्धं आता त्यांच्यापुढे उभं होतं. त्यांनी फार सांभाळून, अगदी सहज आवाजात विचारलं, "ते काढायचं नसतं का?"

"व्हिडिओमध्ये त्याने काढलं होतं," अनिका म्हणाली. "पण त्याला परत नव्हतं करायचं. आपल्याला रिटर्न विंडो संपेपर्यंत काहीच काढायचं..."

वाक्य तिथेच राहिलं. तिचा हात तोंडावर गेला. मग ती उठली, दिवाणखान्याला एक चक्कर मारली, परत आली आणि कॉम्प्युटरकडे बघत अगदी हळू म्हणाली, "ओ माय गॉड. मी त्याला रेनकोट घातलाय."

शोभनाबाई हात पुसत बाहेर आल्या. "सापडलं?"

"सापडलं, आजी! माझं मलाच सापडलं!"

शोभनाबाईंनी नवऱ्याकडे एक दृष्टिक्षेप टाकला आणि परत गेल्या.

अनिकाने स्क्रू ड्रायव्हर उचललाही होता. पण पहिल्या स्क्रूवर टेकवून ती थांबली. "आजोबा, प्लास्टिक काढलं तर हा कूलर परत नाही घेणार ते. आणि तरी तापला, तर? मग बाबा..."

"खरं आहे."

"मग काढू का नको?"

"हे मला नाही विचारायचं," प्रल्हादराव म्हणाले. "अट तुझी आणि बाबाची आहे."

तिने राजीवला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. "काही काढू नकोस, मी आल्यावर बघतो," एवढं म्हणून त्याने ठेवला. मग दुपार फार लांबली. अनिका सोफ्यावर पालथी पडून दाराकडे बघत राहिली. प्रल्हादरावांनी पत्ते काढले, पण तिला कुठलं पान कुठे टाकलं याचा पत्ता नव्हता.

राजीव आला तो गळ्यातल्या ऑफिसच्या बिल्ल्यासकट थेट टेबलापाशी. "बोला, मॅडम."

अनिकाने आधी काहीच सांगितलं नाही. तिने कॉम्प्युटर लावला, जड काम दिलं, आकडा चढू दिला. तो बंद पडताच म्हणाली, "बाबा, कूलरला हात लाव."

राजीवने लावला. त्याच्या कपाळावर आठी पडली. "गार आहे."

"आणि प्रोसेसर सत्त्याण्णव होता."

"मग कॉन्टॅक्ट नाहीये," राजीव लगेच म्हणाला. "मध्ये काहीतरी..."

"आहे. उघडून दाखवू? उघडलं तर फक्त स्क्रू निघतात. बाकी काही बिघडत नाही."

त्याने मान हलवली. तिने स्क्रू काढले, ठोकळा जरासा फिरवून उचलला आणि त्याच्यासमोर उलटा धरला. तांब्याच्या तळावर चकचकीत प्लास्टिक, त्याला माखलेली करडी पेस्ट, आणि पेस्टमधूनही वाचता येतील अशी लाल अक्षरं: बसवण्याआधी काढा.

राजीवने ती वाचली. चष्मा वर करून पुन्हा वाचली.

"अगं, हे का नाही काढलंस?"

"यू सेड, एव्हरीथिंग."

"मी? मी ते फ्रिजबद्दल..." राजीवने फ्रिजकडे पाहिलं, मायक्रोवेव्हकडे पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं. प्रल्हादराव छताकडे बघत होते. "मी दिवसभर कारखान्यात धुळीचा कण सापडला तरी लोकांना फाडून खातो," तो म्हणाला, "आणि माझ्या घरात हे!"

"बाबा, काढू का? मग परत नाही देता येणार." तिचा हात ठोकळ्याखाली ताणलेला होता. "पण मला शुअर आहे. नाइन्टी पर्सेंट."

"आणि उरलेले दहा?"

 खोटं आश्वासन अनिका देऊ शकत नव्हती, आणि दिलं नाही. प्रल्हादरावांना त्या क्षणी ती फार आवडली.

राजीवने प्लास्टिकचं टोक नखाने उचललं. अगदी थोडंसं. मग सोडलं आणि ठोकळा तिच्याकडे सरकवला. "तू काढ. तुझं काम आहे."

ते सर्रकन निघालं. खालचं तांबं कोऱ्या पैशासारखं लखलखलं. अनिकाने कॉफीच्या कागदी गाळणीला औषधाच्या कपाटातलं रबिंग अल्कोहोल लावून प्रोसेसरवरची जुनी पेस्ट पुसली, नव्या पेस्टचा ठिपका ठेवला, ठोकळा सरळ खाली दाबला. राजीव मदतीला म्हणून एक स्क्रू पिळू लागला, तर तिने त्याचा हात धरला. "असा एकदम नाही, बाबा! समोरासमोरचे, थोडे थोडे. नाहीतर एकीकडे झुकतो."

"हो मॅडम," राजीव म्हणाला आणि वडिलांकडे वळला.

"अण्णा, ही तुमच्यासारखं बोलायला लागलीये."

"मी कधी कुणाचा हात धरला नाही," प्रल्हादराव म्हणाले.

कॉम्प्युटर लागला. नुसता बसून असताना आधी अडुसष्ट दाखवायचा, तो आकडा आता चाळिशीच्या आत होता. अनिकाने जड काम दिलं. पन्नास. साठ. सहासष्ट. चौघंही पडद्याकडे टक लावून उभे होते. शोभनाबाईंच्या हातात पळी तशीच होती. एकोणसत्तर. सत्तर. एकाहत्तर.

एकाहत्तर.

बराच वेळ गेला तरी एकाहत्तरच. पंखेही आता घोंघावत नव्हते, बारीक सूर धरून फिरत होते. प्रल्हादरावांनी आत वाकून ठोकळ्याच्या वर, हवेत, तळहात धरला. गरम झुळूक लागली.

"या जेवायला," शोभनाबाई म्हणाल्या. कुणी हललं नाही, तेव्हा त्यांनी ताटं तिथेच आणून दिली. राजीव खुर्चीच्या हातावर ताट तोलून जेवायला लागला. अनिकाने मात्र घास घेतला नव्हता.

"बाबा, उद्या?"

"उद्या काय?"

"दुकान."

"आता दुकानात नेऊन काय करू? कूलर तर कुणी घेणार नाही," राजीव हसत म्हणाला.

अनिका हसली नाही. "तसं नाही. से इट प्रॉपरली. बाकीचे पार्ट्स घेतील ते अजून."

राजीवने ताट खाली ठेवलं. तिच्याकडे सरळ पाहिलं. "नाही न्यायचं काही. अट तू पुरी केलीस. कॉम्प्युटर तुझा."

"फॉर शुअर?"

"शंभर टक्के."

तिने पडद्यावरचा आकडा एकदा पाहिला, मग ताट जवळ ओढलं आणि आजीकडे भात मागितला. नंतर पुन्हा मागितला.